चुणचुण आलीच नाही

न्हावी बोलेनासा झाला की गिऱ्हाईक घाबरतं. गळ्याशी वस्तरा आणि वर तोंडातून शब्द नाही, अशा खुर्चीत कोण बसणार? सलूनवाल्या काकांचं तसंच झालं. एके काळी एका दाढीत साऱ्या गल्लीच्या बातम्या देणारा माणूस, पण कित्येक महिने त्यांना कशातच गोडी वाटेना. शेवटी दुकानाला कुलूप लागलं आणि काकूंनी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी उदासीवरची गोळी लिहून दिली. सिस्टरनं ती समजावून सांगितली.

"सुरुवातीला त्रास होऊ शकतो, काका. तोंड कोरडं पडेल, मळमळेल, झोप उडेल. गुण नंतर येतो, काही आठवड्यांनी. मनानं गोळी बंद करायची नाही. नको ते विचार आले तर लगेच यायचं. आणि घरच्यांनी लक्ष ठेवायचं."

काकांना सगळं कळलं, पण धंद्याच्या हिशेबानं कळलं. केसांना रंग लावला की आधी चुणचुणतं, मग केस काळे होतात. चुणचुणलं नाही तर रंग शिळा. म्हणजे त्रास नाही तर गुण नाही!

काकूंनी लक्ष ठेवायला घेतलं.

"अहो, तोंड कोरडं पडलं का?"

"नाही."

"आता?"

"अगं, आत्ताच विचारलंस ना!"

झोपेचं खातं मेव्हण्यानं घेतलं. काकांच्या शेजारी गादी टाकली. सकाळी उठला तो लाल डोळ्यांनी.

"दाजी, कसली झोप उडतेय तुमची! मस्त घोरत होतात."

"तुला काय माहीत?"

"मी जागाच होतो की!"

काकांचा चेहरा आणखी उतरला. गोळी आपल्याला लागूच पडत नाही. दुकान आता कायमचं बंद.

पुढच्या खेपेला त्यांनी सिस्टरपुढे तक्रार मांडली. "मला काहीच होत नाही. गोळी शिळी तर नाही ना?"

"अहो, त्रास सगळ्यांनाच होतो असं नाही. नाही झाला तर चांगलंच की."

"सिस्टर, पाणी मिळेल?" काकू मध्येच म्हणाल्या. "तोंडाला फार कोरड पडते हल्ली."

"कधीपासून?"

"यांची गोळी सुरू झाल्यापासून."

"आणि ते बाकावर आडवे झालेत ते?"

"माझा भाऊ. त्याची झोपच उडालीय हो."

सिस्टर गोंधळली. "गोळी नक्की घेतं कोण?"

काकांच्या पोटातून काहीतरी गुदगुल्या करत वर आलं. ते हसायला लागले.

"सिस्टर, हे हसतायत!" काकू घाबरल्या. "हे नव्हतं सांगितलंत तुम्ही!"

"हे गोळीचं नाही, तुमचं काम आहे," सिस्टर म्हणाली. "गोळी चालूच ठेवा."

काकांनी मेव्हण्याच्या हनुवटीवरून हात फिरवला. "काय रे हे रान माजवलंयस! ऊठ, दुकानात चल."

कुलूप निघालं. एक गाल होईपर्यंत काकांनी साऱ्या गल्लीचा समाचार घेतला. मग वस्तरा थांबला. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि हरखून हाक मारली,

"अगं, पडली! तोंडाला कोरड पडली!"