महाबली सुसाटचं मरण

एका जंगलात, बाळांनो, चक्क एक छापखाना होता. तो तरसशेठचा. तिथे दोघं मिळून चित्रकथा करत. पिराजी साळिंदर स्वतःचाच काटा उपटून गोष्ट लिही आणि चंद्रकला खार स्वतःच्याच शेपटीने ती रंगवी.

त्यांनी एक महानायक काढला. महाबली सुसाट. होता गोगलगाय, पण धावायचा विजेच्या वेगाने. महानायक म्हटला की चड्डी वरून घालायची, हा जगाचा नियम. गोगलगाईला ती घालायची कुठे, यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी शंखावर घातली.

कथा चार भागांचीच ठरली होती. चौथ्या भागात सुसाट वणवा विझवता विझवता मरणार होता. मग दोघं आपल्या मनातलं पुस्तक करायला मोकळे. त्यात एक म्हातारा बगळा होता आणि तो काहीच करत नव्हता. दोघांना तो फार म्हणजे फार आवडायचा.

चौथा भाग आला. पिराजीने डोळे पुसत लिहिलं, 'सुसाट गेला.' पण चंद्रकलेला मेलेला सुसाट काही काढवेना.

"पिराजीभाऊ, माझ्याच्यानं नाही होणार," ती म्हणाली. "मी नुसता शंख काढते. वाचणारे समजून घेतील."

"काढा ताई. चड्डी मात्र विसरू नका."

भाग छापला गेला आणि सारं जंगल ढसाढसा रडलं. अस्वलांनी मध सोडला. माकडं शोक म्हणून जमिनीवरून चालू लागली. तरसशेठ तेवढे हसत होते.

"प्रेत कुठंय?" त्यांनी विचारलं.

"शंख आहे की, शेठ," पिराजी म्हणाला.

"रिकामा आहे. म्हणजे गोगलगाय बाहेर गेलीय. येईल."

आणि आली. 'सुसाट परतला' निघालं. मग 'सुसाट विरुद्ध सुसाट', 'बाळसुसाट', 'सुसाटची आत्या'. ही सगळी करायला शेठनी माकडांची टोळी बसवली. सुसाट छापखान्याचा, असं करारातच होतं. दोघांनी तो वाचला नव्हता. सही केली त्या दिवशी चड्डीचं भांडण चालू होतं.

बगळ्याचं पुस्तक शेठनी वरखाली करून पाहिलं.

"हा उडतो कधी?"

"नाही उडत," चंद्रकला म्हणाली.

"मग खपायचा कसा?"

पुस्तक परत आलं. शेवटी पोटासाठी दोघं सुसाटच्याच कामाची परीक्षा द्यायला गेले. तिथल्या माकडाने त्यांची पानं पाहिली. त्यांना ओळखलं मात्र नाही.

"हात बरा आहे तुमचा," ते म्हणालं. "पण सुसाट तुम्हाला कळलेला नाही. आधी पहिले चार भाग वाचून या."

दोघांनी झाडाखाली बसून ते वाचले. चौथ्याला दोघांनाही हुंदका आवरेना. दुसऱ्या खेपेला पास झाले. आता पिराजी मारामारीतलं 'धडाम' लिहितो आणि चंद्रकला चड्डीला लाल रंग देते.

तात्पर्य : आपल्या लेकराला मारताना हात थरथरू देऊ नये. थरथरला, तर ते अमर होतं आणि आपण त्याच्याकडे नोकरीला लागतो.