आजोबांचा चारा

जनावराला मान मिळायचा तर आधी मरावं लागतं. नुसतं मरून भागत नाही, दहा कोटी वर्षं चिखलात पडून राहावं लागतं. थायलंडातल्या आमच्या गावच्या खामफायच्या म्हशीनं, ईदामनं, यातलं काहीच केलं नव्हतं. ती आपली रोज तळ्यात डुंबायची.

यंदा उन्हानं तळं निम्मं आटलं आणि काठाला मांडीचं एक हाड निघालं, खामफायपेक्षा उंच. संध्याकाळपर्यंत गावानं त्याला रंगीत फडकी बांधली, 'आजोबा' म्हणायला सुरुवात केली, आणि पुढ्यात कोंबडी, चिकट भात, लाल सरबत ठेवलं. (सरबतात नळीही खोचली. आजोबांना तोंड नव्हतं, पण रीत ती रीत.) मग सरकारच्या भूगर्भ खात्याची माणसं आली नि तळ्याला कुंपण घातलं. योग्यच केलं. आजोबा आत, ईदाम बाहेर.

पाठोपाठ बँकॉकहून संशोधक बाई आल्या. त्यांनी हाड बघितलं, मग कोंबडी बघितली.

"अहो प्रमुख, हा डायनासोर, राक्षसी सरडा, शाकाहारी होता. नुसता पाला खायचा."

आमचे गावप्रमुख थोंगसाय हादरलेच. "म्हणजे इतके दिवस आजोबा उपाशी?"

लगेच समिती बसली. ठरलं, की घरटी एक पेंडी हिरवं गवत रोज आजोबांना. भर उन्हाळ्यात गावात हिरवं होतं तेवढं सगळं कुंपणात गेलं. ईदामच्या बरगड्या लांबून दिसायला लागल्या. (म्हणजे मानाच्या वाटेला तीही लागली.)

शेवटी खामफाय समितीपुढे उभा राहिला.

"प्रमुख, उदबत्ती विझली की आजोबांना विचारून नैवेद्य आपणच खातो ना?"

"खातो की. न खाल्ला तर त्यांना राग येतो."

"कोंबडी कोण खायचं?"

"समिती."

"मग बसा की, गवत पण खा."

प्रमुखांनी पेंडी हळूच लांब सरकवली. दोन सभासदांना घरची कामं आठवली.

"अरे बाबा, काहीतरी मार्ग सांग ना!"

खामफायनं सांगितला. सर्वानुमते ईदामला समितीवर घेतलं. तेव्हापासून ती एकही बैठक चुकवत नाही. समोर येईल ते मुकाट्यानं पास करते. असा सभासद गावानं पाहिला नव्हता.

डुंबायला मात्र अजून बंदी आहे.

तुम्हीही या बघायला. फोटो हाडाचाच काढाल. चौकटीत म्हैस आली की म्हणाल, "ओ काका, हिला जरा बाजूला घ्या." सगळेच म्हणतात. खामफाय घेतो बाजूला. तळं तिचं होतं, एवढंच.