झुकिनीसाठी तीन ब्रश

आवक-जावक कारकुनाने परसात झुकिनी पिकवून दाखवली. मात्र तसं काही घडलेलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ, कारण खुद्द कारकुनाचंही तेच म्हणणं आहे.

परस म्हणजे स्वयंपाकघरामागची, दोन खाटा टाकल्या तर चालायला जागा उरणार नाही एवढी माती. बायकोला तिथे पत्र्याची शेड टाकून शिलाई मशीन हलवायचं होतं. मशीन सध्या झोपायच्या खोलीत होतं, त्यामुळे कारकुनाच्या उशीत अधूनमधून टाचण्या निघत. कारकुनाला तिथे बाग हवी होती. आजवर त्याच्या हातून टोमॅटो, मिरची आणि पुदिना गेला होता. पुदिना मरतच नाही, असं रोपवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. पुढे त्याने धंदा बदलला.

"शेवटची संधी देते," बायको म्हणाली. "तुमच्या हातची एक तरी भाजी ताटात पडू दे, परस तुमचं. नाहीतर पत्रेवाल्याला बोलावते."

"एक?" कारकून म्हणाला. "तू पिशव्या शिवायला घे."

झुकिनीच्या पाकिटावर 'नवशिक्यांसाठी' असं छापलेलं होतं. ते त्याला जरा लागलं, पण पाकीट घेतलं.

सुरुवात झोकात झाली. पानं सुपाएवढी झाली. फुलं आली, फुलांमागे करंगळीएवढ्या झुकिन्या आल्या, आणि टोकाकडून पिवळ्या पडून गळून गेल्या. सासरे मुलीकडेच राहत आणि दिवसभर परसात खुर्ची टाकून बसत. ते म्हणाले, "जावईबापू, हिला काहीतरी बाधलंय."

"बाबा, परागीभवन होत नाहीये," कारकून म्हणाला. हा शब्द त्याने आदल्या दिवशीच वाचला होता. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. दोन्ही सकाळी उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. तेवढ्या वेळात याची पिवळी पूड तिला पोहोचली पाहिजे. इथलं उचलायचं, तिथे पोहोचवायचं. कारकुनाला हसू आलं. हेच काम तो इतकी वर्षं पगार घेऊन करत होता.

त्याने ऑफिसातला डिंकाचा ब्रश आणला, उकळून घेतला आणि रोज सकाळी आंघोळीआधी कामाला लागला.

झुकिन्या धरल्या. धरल्या म्हणजे थांबेचनात. एक पानाआड राहून गेली, ती सापडली तेव्हा सासरे तिला टेकून बसू शकले. घरात झुकिनीची भाजी झाली, सूप झालं, केकमध्येही किसून झाली. शेजारचा निवृत्त ड्रायव्हर पहिल्यांदा "वा" म्हणाला, दुसऱ्यांदा "बरं" म्हणाला, आणि नंतर घरात असूनही नसायला लागला. साहेबांच्या टेबलावर ठेवलेल्या दोन झुकिन्या संध्याकाळी आवक होऊन कारकुनाच्याच टेबलावर आल्या.

कारकून सुखात होता. पण एका सकाळी त्याला मादी फुलात आधीच पिवळी पूड दिसली. दुसऱ्या दिवशी तो उजाडतानाच परसात गेला. बायको वेलीवर वाकली होती. हातात गालाला लाली लावायचा ब्रश.

"हे काय चाललंय?"

"बघतेय."

"ब्रशने?"

बायको सरळ उभी राहिली. "तुमचा पुदिना गेला, तेव्हा तुम्ही आठवडाभर पंख्याकडे बघत पडला होतात. मला परत ते बघायचं नव्हतं."

"अगं, पण तुझी शेड?"

"टाचण्या तुम्हाला टोचतात. मला कुठे?"

एवढ्यात पाण्याच्या पिंपामागून सासरे उठले. हातात दाढीचा ब्रश होता आणि गालावर पिवळी पूड. म्हणजे तोच ब्रश ते दाढीलाही वापरत होते.

"बाबा, तुम्ही कधीपासून?"

"हिच्याआधीपासून," सासरे म्हणाले. "म्हटलं, जावयाच्या अब्रूचा प्रश्न आहे, आपणही दोन हात मारावेत."

"अहो, परस तुम्हीच घ्या," बायको म्हणाली. "मीच देतेय ना."

"नियमात बसत नाही. माझ्या हातची, असं ठरलंय." कारकुनाने हात पुढे केला. "ब्रश जमा करा."

दोन्ही ब्रश जमा झाले. शंकेला जागा नको म्हणून त्याने बायकोच्या रिळातला लाल दोरा घेतला आणि स्वतः ब्रश फिरवलेल्या फुलांच्या देठांना बांधला. दोऱ्याची धरेल ती आपली, बाकीच्या आपोआप गळतील. हिशोब चोख होता.

दोऱ्याच्या झुकिन्या धरल्या. बिनदोऱ्याच्याही धरल्या, आणि त्या जरा जास्तच बाळसेदार निघाल्या.

कारकून त्यांच्याकडे बघत उभा असताना ड्रायव्हरचं डोकं भिंतीवर आलं. कारकुनाच्या हातात झुकिनी नाही याची त्याने आधी खात्री करून घेतली.

"काय हो, तुम्ही मधमाशांना काही घालता का? महिन्याभरापूर्वी माझ्या छज्ज्याखाली मोहोळ बसलं. उजाडलं की सगळ्या तुमच्याकडे."

कारकुनाने पान बाजूला केलं. एक मधमाशी नर फुलातून पिवळीधमक होऊन निघाली आणि कुणाचीही सही न घेता मादी फुलात शिरली.

"म्हणजे यातली तुमची कुठली?" सासऱ्यांनी विचारलं.

कारकुनाने घरातली मच्छरदाणी आणून वेलीवर टाकली. दोन मधमाशा आतच राहिल्या आणि दुपारच्या आत त्यांनी सगळं काम उरकलं.

"जाऊ द्या हो," बायको म्हणाली. "धरल्या ना? कुणाच्या का हाताने असेना."

"तसं कसं? माझी पद्धत अचूक आहे. फक्त मला संधी मिळत नाहीये," कारकून शांतपणे म्हणाला आणि त्याने पुठ्ठा मागितला. संध्याकाळी परसाच्या भिंतीवर, छज्ज्याखालून नीट दिसेल अशा उंचीवर, सूचना लागली:

"सर्व संबंधित मधमाशांस कळविण्यात येते की, अर्जदारास स्वतःच्या हाताने किमान एक झुकिनी पिकवावयाची असल्याने, सदर परसातील परागीभवनाचे काम पुढील आदेश होईपर्यंत स्थगित ठेवून अर्जदारास सहकार्य करावे, ही नम्र विनंती."