हँडल आणि पाळणा

लिंगराज मांजरपाट मोजत होता. सहा गज झाले, सात झाले, आणि तेवढ्यात पेठेच्या तोंडाशी फटफट असा आवाज झाला. कापडाचं टोक हातात धरूनच तो दुकानाच्या पायरीवर आला. समोरून भीमाशंकर मोटारसायकलवर बसून येत होता. डोळ्यांवर गॉगल, डोक्याला कानांवरून उतरलेली चामडी टोपी, मागं धूळ आणि धुळीच्या मागं पेठेतली झाडून सगळी पोरं. गाडीच्या बगलेला एक माणूस बसेल असा पत्र्याचा डबा जोडलेला होता आणि त्या डब्याला स्वतःचं तिसरं चाक होतं.

"सिकंदराबादला लष्कराचा लिलाव होता," गाडी थांबवून भीमाशंकर म्हणाला. "घेऊन टाकली. बस की जरा."

"मला दुकान हाय," असं म्हणून लिंगराज आत गेला आणि आठ गज मागणाऱ्या धुरपताबाईला त्यानं दहा गज फाडून दिलं.

ताडकळसच्या पेठेत लिंगराजचं कापडाचं दुकान आणि बरोबर समोर भीमाशंकरची आडत. दोघं एका बोळातले, एका वयाचे, परभणीच्या शाळेत एकाच उर्दू मास्तरच्या छड्या खाल्लेले. मैत्री अगदी जिवाभावाची. फक्त भीमाशंकरकडं काही नवीन आलं की लिंगराजला झोप यायची नाही, एवढंच. भीमाशंकरनं विहिरीवर इंजिन बसवलं तेव्हा लिंगराज आठ दिवस त्या रस्त्यानं गेला नाही. भीमाशंकरनं रेडिओ आणला तेव्हा लिंगराजनं त्याहून मोठा आणला आणि मुद्दाम खिडकीत ठेवून इतक्या जोरात लावला की त्याची बॅटरी पंधरवड्यात बसली. आता ही मोटारसायकल. तिच्याहून मोठं काय आणायचं, तर आगगाडी, आणि ती विकत मिळत नव्हती.

त्या दिवशी ताटात भाकरी तशीच राहिली. "कामून जेवंनात?" त्याच्या बायकोनं, भागम्मानं विचारलं. "भाजी खारट झाली का?"

"भाजीला काय झालंय. त्या भीमाशंकरला काही कामधंदा न्हाई. नुसता फिरायलाय फटफटीवर."

"बायकूला, चन्नबसम्माला, झरीला नेऊन आनलं म्हने. त्या पाळण्यात बसवून. साऱ्या बायका बगायलत्या."

गावानं डब्याचं बारसंसुद्धा करून टाकलं होतं. लिंगराजनं ताट सारलं आणि हात धुतले.

संक्रांत झाली आणि भीमाशंकरनं पेठेत जाहीर केलं की तो मोटारसायकलवरून काशीला जाणार, येताना आग्रा बघणार आणि चार दोस्तांना नेणार. गाडीवर जागा तिघांचीच आहे हे कोणीतरी सांगितल्यावर दोस्त दोनच झाले. लिंगराजनं आधी नाही म्हटलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण गेलो नाही तर उरलेलं सगळं आयुष्य काशी भीमाशंकरच्या तोंडून ऐकावी लागेल. तो लगेच वळकटी बांधायला लागला. तिसरा दत्तराव. त्याची दोनशे मेंढरं होती, ती घेऊन तो दरसाल वऱ्हाडापर्यंत पायी जायचा. त्याला दिशा कळायची, कुठंही झोप लागायची आणि तो विचारल्याशिवाय बोलायचा नाही. तो भीमाशंकरच्या मागं बसला. लिंगराजचं पोट पुढं आल्यामुळं त्याला पाळण्याशिवाय जागा नव्हती.

वेशीपर्यंत हलगी वाजली. हार मात्र सगळे हँडल धरणाऱ्याच्या गळ्यात पडले. पाळण्यात बसलेल्या लिंगराजच्या हातात बायकांनी दशम्यांची गाठोडी, पाण्याची कळशी आणि काशीहून गंगा भरून आणायला अकरा रिकाम्या बाटल्या दिल्या. आपण प्रवासी आहोत की सामान, हे त्याला नागपूरपर्यंत कळेना.

जबलपूर गेलं, रेवा गेलं, घाट उतरला आणि गंगेकाठचा सपाट मुलूख सुरू झाला. सरळ रस्ता, दोन्ही अंगांना पिवळीधमक मोहरी, गहू, मधूनच घोड्यांचे एक्के आणि उसाच्या गाड्या. लिंगराजला त्यातलं काही दिसत नव्हतं. त्याला दिसत होते फक्त हँडलवरचे भीमाशंकरचे दोन हात. गावोगाव पोरं धावत यायची ती त्या हातांकडं बघायची. म्हातारे दाढी खाजवत यायचे ते त्या हातांना विचारायचे, कहाँ से आए हो. लिंगराजच्या अंगाची लाही लाही व्हायची आणि मग रागारागानं झोप लागायची.

"द्ये की जरा मला," एकदा न राहवून तो म्हणाला.

"तुला येतंय का?"

"तू काय आईच्या पोटातून शिकून आलतास?"

"इथं नको. ट्रका हायेत," भीमाशंकर म्हणाला. मैलभर पुढंमागं एक बैलसुद्धा नव्हता. लिंगराजनं त्याच क्षणी मनाशी ठरवलं की ताडकळसच्या वेशीत शिरताना हँडल आपल्या हातात असलं पाहिजे. मग विश्वनाथ भेटो न भेटो.

विश्वनाथ भेटला. मठात उतरून, दर्शन करून तिघं घाटावर अंघोळीला गेले. अंघोळ झाल्यावर तिथला म्हातारा पंडा म्हणाला, "अब एक प्यारी चीज छोड़ो, यजमान."

काशीला गेलं की आपल्या आवडीची एक वस्तू सोडायची आणि पुन्हा जन्मभर तिला शिवायचं नाही, ही रीत ताडकळसच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती निभावून न्यायची युक्तीही साऱ्या गावाला ठाऊक. घशाखाली उतरत नाही तीच भाजी सोडायची. दत्तरावनं कमरेइतक्या पाण्यात उभं राहून दोडका सोडला आणि तो मोकळा झाला. भीमाशंकरनं ओंजळ भरली.

"मी भेंडी..."

"थांब," लिंगराज म्हणाला. आपण इतके हुशार आहोत हे त्याला आजवर माहीत नव्हतं. "विश्वनाथाच्या दारात खोटं बोलायलास. भेंडी तुला कवा आवडली? तुझा जीव कशात हाय ते साऱ्या दुनियेला मालूम हाय."

"कशात हाय?"

"हँडलात."

पंड्यानं कान टवकारले. आजूबाजूचे चार यात्रेकरूही जवळ सरकले. "सच बोलो यजमान, गंगा मैया सुन रही है," पंडा म्हणाला. भीमाशंकरचा चेहरा उतरला. त्यानं गंगेकडं पाहिलं, घाटावरच्या गाडीकडं पाहिलं आणि ओंजळ खाली सोडली.

"सोडलं हँडल."

लिंगराजला गंगा पोहून पार करावीशी वाटली. त्याच खुशीत त्यानं आपली ओंजळ भरली. "मी आपलं कारलं..."

त्याचं मनगट भीमाशंकरनं धरलं. "तू बी थांब. तुझा जीव पाळण्यात हाय."

"माझा? त्या डब्यात?"

"नागपूरपासून घोरत आलास तू त्यात. मी धूळ खाल्ली, तू फुटाणे खाल्ले. परयागच्या धरमशाळेत तुला शेठजी म्हनले, आधी तुझ्याच म्होरं चहा ठेवला. अन मला इचारलं, ड्राइवर, कितने साल से नौकरी में हो? गाडी माझी, तेल माझं, अन नौकर बी मीच. बोललो न्हाई मी. नुसता जळत आलोय तिथपासून."

लिंगराज थक्क झाला. आपल्यावरही कोणी जळू शकतं आणि तेही भीमाशंकर, ही गोष्ट चाळीस वर्षांत त्याला कोणी सांगितली नव्हती. ती ऐकून त्याला इतकं गार गार वाटलं की त्या भरात त्यानं ओंजळ कधी सोडली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. "सोडला पाळणा," तो म्हणाला आणि पंड्यानं दोघांच्या कपाळाला भस्म फासलं.

परतीला लिंगराज हँडलवर, भीमाशंकर पाळण्यात. टोपी आणि गॉगलही लिंगराजकडं आले. गाडी चालवणं बघायला जितकं सोपं होतं तितकं करायला नव्हतं. पाळण्याच्या वजनानं ती सारखी डावीकडं ओढायची. पहिल्या मैलाला ती मोहरीत शिरली. दुसऱ्या मैलाला एका घरापुढं रचून ठेवलेल्या गोवऱ्यांच्या ढिगात शिरली आणि त्या घरच्या बाईनं तिघांच्या सात पिढ्या काढल्या. दत्तरावला जनावर कधी उधळणार ते आधी कळायचं, त्यामुळं तो प्रत्येक वेळी आधीच उडी मारून रस्त्याच्या कडेला उभा असायचा.

"अरे क्लच, क्लच," पाळण्यातून भीमाशंकर ओरडायचा. "असं न्हाई धरायचं. म्हशीची शेपटी धरायलास का?"

"तू गप झोप की. पाळणा हाय ना?"

पण भीमाशंकरला झोप येत नव्हती. जमिनीपासून हातभर उंचीवरून त्याला बैलगाड्यांची चाकं आणि म्हशींचे पाय दिसत होते, आणि लोक बघत होते ते लिंगराजकडं. लिंगराजला ते लोक दिसत नव्हते, कारण नजर उचलली की गाडी डावीकडं जायची. तिसऱ्या दिवशी त्याचे दंड भरून आले, पोटरी इंजिनला भाजली आणि दातांत चिलटं अडकली.

फत्तेपूरच्या धर्मशाळेत मुनीम पाळण्यापुढं वाकला. "सेठजी ऊपर. ड्राइवर नीचे, एक्केवालों के साथ."

"हम भी सेठ है," लिंगराज आपल्या निजामी हिंदीत म्हणाला. "कपड़े की दुकान है हमारी."

मुनिमानं त्याच्या काजळलेल्या तोंडाकडं पाहिलं. "हर ड्राइवर यही कहता है, भैया."

लिंगराज घोड्यांशेजारी झोपला. सकाळी दत्तराव म्हणाला, "अप्पा, जागा बदला की. कामून जिवाला तकलीफ करून घ्यायलात?"

"काशीला सोडलंय," दोघंही एकदम म्हणाले. मनातून दोघांनाही बदलायची होती, पण आधी बोलेल तो हरेल असं दोघांनाही वाटत होतं. आग्र्याला ताजमहाल बघताना एक या टोकाला उभा होता, दुसरा त्या टोकाला.

बाराव्या दिवशी परभणी आली. मग मात्र लिंगराजचे दंड दुखायचे थांबले. एवढं सगळं ज्याच्यासाठी सोसलं ती ताडकळसची वेस आता तासाभरावर होती. त्यानं गॉगल पुसला, टोपी कानांवर नीट ओढली आणि ताठ बसला. वेशीत हलगी वाजत होती. काशीकरांचे पाय धुवायला बायका कळश्या घेऊन उभ्या होत्या. लिंगराजनं झोकात ब्रेक दाबला, गाडी बरोबर मध्यभागी उभी राहिली, आणि सगळा गाव पाळण्याभोवती जमला. भीमाशंकरचे पाय धुतले, त्याला हार घातला, लोक एकेक करून त्याच्या पायाला हात लावू लागले. "ड्रायवरला बी चहा द्या रे कुनी तरी," कोणीतरी म्हणालं.

गर्दीतून भागम्मा हातात कळशी घेऊन पुढं आली. इकडंतिकडं बघून ती हँडलपाशी थांबली.

"ड्रायवरबाबा, आमच्या मालकाला कुठं सोडलं?"

लिंगराजनं गॉगल काढला. काळ्या तोंडावर फक्त दोन पांढरी वर्तुळं उमटली. "मीच हाय."

भागम्मानं पदर तोंडाला लावला. "शेट म्हनून गेलते अन ड्रायवर होऊन आले का वो?" ती म्हणाली, आणि हलगीवाल्याचा हात हसता हसता थांबला.

दुसऱ्या दिवसापासून पेठेत लिंगराजला हाक एकच, ड्रायवर. त्यानं हँडलला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली, ही दुसरी. भीमाशंकरला हँडल काशीनं बंद केलं होतं. त्यामुळं गाडी आडतीपुढं उभी राहिली आणि कोंबड्या पाळण्यात अंडी घालू लागल्या. दोघंही आपापल्या दुकानातून तिच्याकडं बघून झुरत होते. महिना गेला. शेवटी भीमाशंकर गावच्या मठातल्या स्वामींकडं गेला, तर लिंगराज आधीच तिथं बसलेला.

"काशीला दिलेलं काशीलाच मागावं लागतंय," स्वामी म्हणाले. "जा परत दोघं."

"रेल्वेनं जाऊ," लिंगराज घाईघाईनं म्हणाला.

पिंगळीच्या स्टेशनापर्यंत तरी सामान न्यायला गाडी हवी होती. "दत्तराव, तुला येईल का रे चालवायला?" भीमाशंकरनं विचारलं.

"बगून बगून आलंय, अप्पा."

त्यानं ती अशी चालवली की पाळण्यातल्या भीमाशंकरच्या मांडीवरची पाण्याची घागरसुद्धा हिंदकळली नाही. मागं पोट आवळून बसलेला लिंगराज वाटभर त्याचे हँडलवरचे हात बघत होता. स्टेशनवर भीमाशंकर म्हणाला, "आमी येईपर्यंत संभाळ गाडी."

"बिनघोर जावा. म्या आता सासुरवाडीवरून जातो. केवळाबाई आलीय इथंच, माहेराला. तिला बी घेऊन जातो."

आगगाडी उशिरा आली, ती निघेपर्यंत उन्हं कलली. पिंगळी सुटली आणि रुळाला लागून असलेल्या रस्त्यावर दोघांना मोटारसायकल दिसली. दत्तराव हँडलवर होता, एक हात मांडीवर ठेवून. पाळण्यात केवळाबाई पाय पसरून बसली होती, मांडीवर माहेराहून मिळालेलं एक कोकरू. रस्त्याकडेच्या वावरातली माणसं कामं सोडून उभी राहून त्या जोडप्याकडं बघत होती. दत्तरावनं आगगाडीकडं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

"कसा जायलाय बग," लिंगराज म्हणाला.

"अन ती बसलीय कशी," भीमाशंकर म्हणाला. "मला बारा दिवसांत असं बसता आलं न्हाई."

"एका हातानं चालवायलाय."

"माजलाय लेकाचा."

लिंगराजनं मान डोलावली. समोरचा बाक रिकामा असूनही तो उठून भीमाशंकरच्या बाकावर आला. दोघं एका खिडकीत डोकी घालून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग लिंगराजनं भागम्मानं दिलेल्या दशम्या सोडल्या आणि पहिली भीमाशंकरच्या हातावर ठेवली.