तीन कोरडे दिवस

"एक थेंब पडणार नाही," कारकुनाने बायकोला सांगितलं. हवामान खात्यात पावसाचे आकडे संगणकात चढवणारा हा गृहस्थ. माझी त्याची जुनी ओळख. रोज दाढी करताना भेटतो. दोघं ज्या उबदार समुद्रकाठी फिरायला निघाली होती, तिथे शरद संपता संपता पाऊस हटकून येतो, पण गृहस्थाने शोध लावला होता. चोवीस ते सव्वीस नोव्हेंबर, गेली वीस वर्षं पाऊस शून्य! तेवीसला धो धो, सत्तावीसला धो धो, मधे ठणठणीत कोरडं. असा शोध मोठमोठ्या साहेबांना लागला नव्हता, यावरूनही त्याला शंका आली नाही.

बायको इस्पितळात नर्स. सात वर्षांनी तिला सलग तीन दिवस रजा मिळाली होती. "बघा हं, ही रजा फुकट घालवलीत तर पुन्हा तुमच्याबरोबर कुठे यायची नाही," ती म्हणाली. गृहस्थाने छत्र्या घरीच ठेवल्या.

बसमधून उतरली आणि आभाळ फाटलं. दोघं चिंब होऊन लॉजवर पोचली. मॅनेजर म्हणाला, "या दिवसांत आलात? आणि बिनछत्रीचे?"

बायको भिंतीकडे तोंड करून पलंगावर आडवी झाली. ते तोंड फिरवणं गृहस्थाच्या जिव्हारी लागलं. तो दर तासाला खिडकीशी जाई आणि तिला हलवी.

"अगं, ऊठ! उघडतंय बहुतेक."

"उघडू दे," ती डोळे मिटूनच म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्याला राहवेना. डोक्यावर लॉजचा टॉवेल घेऊन तो गावातल्या पर्जन्यमापकाच्या केंद्रावर जाब विचारायला निघाला. केंद्राला कुलूप. शेजारच्या चहावाल्या बाई हसल्या. "निरीक्षक होय? त्यांच्या लग्नाचा वाढदिवस असतो. दर वर्षी हे तीन दिवस बायको त्यांना माहेरी घेऊन जाते."

"मग पाऊस कोण मोजतं?"

"कोण मोजणार? वहीत आडव्या रेघा मारून जातात."

गृहस्थ मटकन बाकावर बसला. त्या रेघा त्याच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. संगणक रेघ घेत नाही, म्हणून वीस वर्षं तिथे शून्य टाकणारा शहाणा दुसरा कोणी नव्हता.

परत येऊन त्याने बायकोपुढे सगळं कबूल केलं. "तुझी रजा मी बुडवली गं. लाज वाटते मला."

तिने एक डोळा उघडला. "अहो, सात वर्षांत पहिल्यांदा पोटभर झोपतेय मी. ऊन असतं तर तुम्ही दीपगृह, होडी, बाजार असं सगळीकडे फरफटवलं असतंत. पाऊस आहे म्हणून वाचले. फक्त ते तासातासाला उठवणं तेवढं बंद करा."

गृहस्थाने तिच्या अंगावर चादर ओढली. एवढ्यात खिडकीतून लख्ख ऊन थेट पलंगावर पडलं.

"उघडलं का हो?" बायकोने धास्तावून विचारलं.

"छे गं, मुसळधार!" असं म्हणत त्याने झटकन पडदा ओढला, आणि पाय न वाजवता जाऊन न्हाणीघरातला शॉवर पूर्ण सोडून दिला.