चाल मंदिरापाशी सुरू होईल

फतेचंदशेठांच्या मुलीच्या लग्नाला चार दिवस उरले होते आणि इकडे बँडमास्तर भगवंतरावांच्या घशाखाली भाकरी उतरत नव्हती. सरूबाईने ताटात दोनदा कालवण वाढून पाहिले, एकदा नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि शेवटी विचारले, की लेक शेठची सासरी निघाली आहे, मग उमाळे तुम्हाला का येताहेत?

"नवरदेवाचा चुलता पुन्याच्या क्यांपात ऱ्हातो," भगवंतराव म्हणाले. "पुखराज नाव. त्येच्या दुकानाम्होरंच गोऱ्यांचं मैदान हाय. रोज सांजच्याला पलटणीचा ब्यांड ऐकतो म्हनं."

"मग आता तुमचा बी ऐकंल."

"त्येचंच तर भ्याव हाय."

यात भिण्यासारखे काय आहे ते सरूबाईला कळले नाही. तिलाच काय, सगळ्या जुन्नरात ते कुणालाच कळले नसते. कारण भगवंतराव बावीस वर्षे पलटणीच्या बँडात होते, ही गोष्ट सोळा आणे खरी होती. फक्त तिथे ते काय करत होते, हे त्यांना कुणी विचारले नव्हते आणि त्यांनी आपण होऊन सांगितले नव्हते.

बँडात एक भला थोरला बाजा असतो. तो अंगाभोवती गुंडाळून घ्यावा लागतो आणि त्याचे तोंड चांगले घंगाळाएवढे असते. बाकीचे लोक गाण्याची चाल वाजवतात आणि या बाजाने खालून नुसता ठेका धरायचा असतो: पों, पों, पों-पों. भगवंतराव तो बाजा वाजवत. पलटण सरहद्दीवर गेली तिथे त्यांनी पों दिला, मद्रासेत दिला, बोटीत बसून ब्रह्मदेशात गेले तिथेही दिला. चाल हे पुढच्या रांगेतल्या गोवेकरांचे काम होते. भगवंतरावांना ती कधी वाजवावी लागली नाही, आणि खरे सांगायचे तर गोवेकरांनी त्यांना वाजवूही दिली नसती.

पुढे पेन्शन घेऊन ते बोरी बुद्रुकला भावाच्या, गेणभाऊंच्या शेतावर येऊन बसले. त्याच सुमारास जुन्नरच्या फतेचंदशेठांनी पुण्यात कुठल्याशा शाळेची मुले बँड वाजवत चाललेली पाहिली आणि आपल्या गावच्या शाळेलाही आठ पितळी बाजे आणि एक ढोल घेऊन दिला. बाजे आले, पण फुंकायचे कुणी? चार महिने शाळेचा शिपाई त्यांच्यावरची धूळ तेवढी फुंकत होता. मग कुणीतरी बोरीच्या पेन्शनराचे नाव सुचवले. हेडमास्तरांनी त्यांना बोलावून विचारले, बँडात किती वर्षे? भगवंतराव म्हणाले, बावीस. हेडमास्तरांनी कमिटीकडे पाहिले, कमिटीने शेठजींकडे पाहिले, आणि एका वर्षाच्या बोलीवर नेमणूक झाली.

भगवंतरावांनी मुलांना जे येत होते ते मनापासून शिकवले. त्यामुळे आठ मुले आठ तऱ्हेच्या बाजांतून एकच पों काढू लागली. कुणाचा बारीक, कुणाचा जाडा, एकाचा तर हुबेहूब वासरासारखा. पण सगळे एका ठेक्यात, एका पावलावर, माना ताठ करून. गावाला बँड फार आवडला. इंग्रजी गाणे असेच असते, अशी लोकांची समजूत झाली. विलायती संगीत गंभीर प्रकृतीचे असते, ते एकदम कानात शिरत नाही, असे हेडमास्तरांनी एका सभेत सांगितल्यावर तर शंकेला जागाच राहिली नाही.

सुरुवातीला भगवंतरावांना वाटे, की पोरांची फुंक बसली म्हणजे चाल कुठून तरी आपोआप येईल. पलटणीत ती तशीच येत असे. नंतर ते स्वतः कॉर्नेट, म्हणजे चाल वाजवायचा छोटा बाजा, घेऊन एकटेच नदीकाठी जाऊन बसू लागले. डोक्यात चाल अगदी लख्ख फिरायची. बाजाला तोंड लावले की बाहेर यायचा पों. आता वर्ष संपत आले होते आणि लग्न आटोपले की कमिटी मास्तरांना ठेवायचे की नाही ते ठरवणार होती. नाही म्हटले, तर परत बोरीला जाऊन गेणभाऊंच्या शेतातल्या माळ्यावर बसून पाखरे हाकायची. त्याचेही काही नाही. पण बोरी सोडताना त्यांनी चावडीवर सांगितले होते, की आपल्यावाचून जुन्नरची शाळा अडून राहिली आहे.

लग्न माघातल्या रविवारी होते. नवरदेवाला सामोरे जाण्यासाठी फतेचंदशेठ वेशीपर्यंत आले आणि तिथून मिरवणूक निघाली. पुढे बँड, मागे घोड्यावर नवरदेव. पुखराजशेठ घोड्याजवळ चालायचे सोडून बँडला चिकटून चालू लागले. लांब कोट, सोन्याची साखळी, आणि एक कान सारखा मुलांकडे. पेठेच्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी मान डोलावली. मग ते व्याह्यांच्या शेजारी आले.

"ठेका झकास हाय," ते म्हणाले. "चाल कधी सुरू व्हनार?"

फतेचंदशेठांना गाण्यातले काही कळत नव्हते. पण मुलीचा बाप मांडवाच्या दिवशी व्याह्याला कळत नाही म्हणून कसे सांगणार?

"मंदिरापाशी," ते म्हणाले. "आमच्याकडं चाल मंदिरापाशी सुरू व्हती."

आणि मग ते हसतमुखाने मास्तरांच्या कानाशी लागले. व्याही बघत असले की माणूस जितक्या गोड चेहऱ्याने बोलतो तितक्या गोड चेहऱ्याने त्यांनी सांगितले, की मंदिरापाशी चाल सुरू झाली नाही तर उद्यापासून शाळेत पाऊल टाकू नका.

भगवंतरावांनी पावले लहान केली, म्हणजे मंदिर जरा उशिरा यावे. इकडे शेठजींचे व्याह्याशी झालेले बोलणे छत्री धरून चाललेल्या सावळाराम न्हाव्याने ऐकले होते. त्याच्याकडून ते पानवाल्याला कळले आणि पानवाल्याकडून सगळ्या पेठेला. रविवार म्हणजे बाजाराचा दिवस. वर्षभर ऐकला तो बँड नव्हेच, ती नुसती सुरुवात होती, खरा बँड आज मंदिरापाशी वाजणार, असे कळल्यावर कोण थांबतो? माळणींनी कोथिंबिरीवर ओली फडकी टाकली आणि त्या निघाल्या. आंबेगावाकडून बैल विकायला आलेला एक म्हातारा तर बैलासकट निघाला.

मंदिर आले. भगवंतराव समोर बघत, मागे पोरांचा पों पों चालू ठेवून तसेच पुढे चालले होते, पण पुखराजशेठ कानाला हात लावून रस्त्यातच उभे राहिले. फतेचंदशेठांचा चेहरा उतरला. तेव्हा भगवंतरावांनी एक कडक सलाम ठोकला.

"देवाच्या दारात विलायती चाल वाजवत न्हाईत, शेठ," ते म्हणाले. "मांडवात वाजवू."

हे उत्तर इतके रीतीचे होते, की फतेचंदशेठांनी ते व्याह्यांना मोठ्या अभिमानाने सांगितले. भगवंतरावांना दोन गल्ल्यांचे आयुष्य मिळाले. पण गर्दी मात्र दुप्पट झाली. देवासमोर वाजवण्याजोगी नाही अशी चाल ऐकायला मिळणार म्हटल्यावर, एरवी लग्नकार्यापासून लांब राहणारी चार बडी माणसेही येऊन मिळाली.

मांडवाच्या दाराशी तोरणाखाली नवरदेवाचा घोडा थांबला. समोर कलश घेऊन मारवाडी बायका उभ्या होत्या आणि सगळ्यांत पुढे फतेचंदशेठांच्या चुलती प्यारीबाई. पुखराजशेठांनी हात वर केला. सगळी गल्ली चिडीचूप झाली. ढोलवालाही थांबला.

भगवंतरावांना डोळ्यांपुढे बोरीचा माळा दिसू लागला. त्यांनी आभाळाकडे पाहिले आणि हातातली बँडमास्तरची काठी वर केली. मुलांना एकच गोष्ट येत होती, ती त्यांनी जीव तोडून केली. पों, पों, पों-पों. एक आवर्तन झाले, दोन झाली, चार झाली. पुखराजशेठांच्या भुवया पगडीत गेल्या. गर्दीतून कुणीतरी विचारले, "आजून न्हाई व्हय?" फतेचंदशेठांनी पागोटे काढले आणि पुन्हा घातले.

इकडे प्यारीबाई अर्धा तास कलश धरून ताटकळल्या होत्या. त्यांना सांगितले होते, की बँड वाजून झाल्यावर बायकांनी गायचे. बँडचा त्यांना मनापासून राग होता. लग्नात बँड आला की त्याच्या गोंगाटात बायकांचे गाणे पार बुडून जाई आणि बायका नुसत्या ओठ हलवत उभ्या राहत. पण आज त्या ऐकत होत्या ते काही वेगळेच होते. हा बँड ठेका धरत होता आणि थांबत होता. पुन्हा ठेका धरत होता आणि पुन्हा वाट बघत होता. मास्तर भला दिसतो, त्यांच्या मनात आले, आमच्यासाठी थांबलाय. त्यांनी घसा खाकरला आणि नवरदेवाला ओवाळायचे गाणे उचलले. मागून वीस बायकांनी सूर धरला.

गाणे ठेक्यावर असे बसले, की जणू कुणी मोजून केले असावे. भगवंतरावांच्या अंगावर काटा आला. वर्षभर वाट पाहिलेली चाल अखेर त्यांच्या पोंवर येऊन बसली होती, आणि ती एका म्हातारीच्या गळ्यातून आली होती. त्यांचे डोळे भरून आले. मुले काय चालले आहे ते न कळून आणखीच जोराने फुंकत होती.

पुखराजशेठ शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. मग व्याह्यांकडे वळून म्हणाले, "क्यांपातला ब्यांड सोताचंच वाजवतो. आमच्या बायकांच्या गान्याला जागा ठेवनारा मास्तर मी आज पयल्यांदा पायला."

"म्हनून तर ठिवलाय," फतेचंदशेठ म्हणाले आणि त्यांची मान लग्नाचे चारही दिवस खाली आली नाही.

आठव्या दिवशी शेठजींच्या पेढीवर कमिटी बसली. मास्तरांना कायम करायचे एकमताने ठरले. चैत्रातल्या परीक्षेला पुण्याहून शाळा तपासणारे दिपोटीसाहेब येतील, त्यांचा बँडवर शेरा तेवढा चांगला पडला की झाले. मग स्तुतीला सुरुवात झाली. केवढा तो संयम, केवढी ती जाण. भगवंतराव शिपाईगडी. खोटा रिपोर्ट त्यांना ऐकवेना. ते उठून उभे राहिले.

"शेठ, मला चाल येतच न्हाई," ते म्हणाले. "बावीस वर्सं मी निस्ता पों दिला. पोरांनाबी त्योच शिकवलाय."

फतेचंदशेठ हेडमास्तरांकडे वळले.

"बगा," ते भारावून म्हणाले. "येवढा मोठा मानूस, अन् म्हनतो येत न्हाई."

भगवंतरावांनी तेच आणखी दोनदा, शपथेवर सांगितले. तिसऱ्या वेळी हेडमास्तरांनी त्यांना जरा समज दिली, की विनय चांगला, पण फार झाला म्हणजे विद्यार्थ्यांवर परिणाम होतो.

बाहेर ओट्यावर प्यारीबाई गहू निवडत होत्या. आतले सगळे त्यांनी ऐकले होते. मास्तर खाली मान घालून निघाले, तशी त्यांनी हाक मारली.

"मला पटलं," त्या म्हणाल्या. "मांडवाच्या दारात तुमी आभाळाकडं बघत व्हता. ज्याला चाल येती त्यो कशाला आभाळाकडं बघंल?"

"आता दिपोटीम्होरं काय करू, काकी?"

"मला लई चाली येत्यात. दुपारी पोरांना घिऊन या. पर शिकवीन ती बिनबोभाट शिकायची."

मग दोन महिने दुपारी शेठजींच्या मागल्या अंगणात शाळेचा बँड भरू लागला. प्यारीबाई एकेक ओळ गात आणि पोरे ती बाजावर शोधत. पोरांची बोटे कोवळी, त्यांना ती सापडे. खालचा पों मात्र सगळ्यांत मोठा बाजा घेऊन भगवंतराव स्वतः देत, आणि तो देताना बावीस वर्षांत कधी वाटले नाही इतके सुख त्यांना वाटे. चैत्र उजाडेपर्यंत एक अख्खी चाल तयार झाली. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी प्यारीबाईंना विचारले, की हे गाणे कसले?

प्यारीबाई पदराआड हसल्या. लग्नात व्याही मंडळी जेवायला बसली म्हणजे बायका त्यांची खोड काढणारी गाणी म्हणतात, त्यांतले हे. व्याही आला, ढेरी सांभाळत आला. चार माणसांचे लाडू एकटाच खाऊन गेला. याला कुणी खांबाला बांधा. भगवंतराव मटकन खाली बसले. पण आता पोरांना दुसरे काही शिकवायला वेळच नव्हता.

दिपोटीसाहेब सकाळी आठला शाळेच्या दारात टांग्यातून उतरले. चांगले भरलेल्या अंगाचे, भारदस्त गृहस्थ. इंग्रजी संगीतातले त्यांना कळते, अशी त्यांची ख्याती होती. बँड सुरू झाला. साहेब चालता चालता थबकले. त्यांनी बगलेतली छडी हातात घेतली, कोटाच्या गुंड्या ओढून पोटावर नीट बसवल्या आणि चाल संपेपर्यंत ते ताठ उभे राहिले.

"उत्तम," ते म्हणाले. "ही कोणत्या पलटणीची सलामी?"

हेडमास्तरांनी भगवंतरावांकडे पाहिले. शिपाईगड्याच्या तोंडून खोटे निघेना.

"पलटणीची न्हाई, साहेब," भगवंतराव म्हणाले. "आमच्या हितं मोठं पावणं आलं म्हंजी वाजवत्यात."

साहेबांना हे फारच आवडले. त्यांनी तिथल्या तिथे वही मागवून शेरा लिहिला, की बँड नमुनेदार आहे, मास्तरांना कायम करावे आणि दरसाल आपल्या स्वागताला हीच चाल वाजवावी. मग त्यांनी ती आणखी एकदा ऐकायची इच्छा दाखवली. भगवंतरावांनी बाजा उचलला, पोरांनी चाल धरली, साहेब पुन्हा ताठ उभे राहिले. आणि या वेळी शाळेच्या भिंतीपलीकडून प्यारीबाईंनी आणि वीस बायकांनी शब्दही म्हटले.