ओगले सर स्वयंपाकघरात शिरतात

सोसायटीच्या सभेला ओगले सर आले की आमचे सेक्रेटरी शब्द जपून वापरतात. मागे टाकीच्या गळतीचा विषय निघाला तेव्हा ते सवयीनं म्हणून गेले, "काम तातडीनं करून घेऊ." सर शेवटच्या खुर्चीवरून उठले. "तातडीनं या शब्दाची व्याख्या करा. मागच्या सभेत त्याचा अर्थ दिवाळीनंतर असा निघाला होता." सेक्रेटरी खाली बसले. टाकी मात्र त्याच आठवड्यात दुरुस्त झाली, त्यामुळे सरांच्या वाटेला कोणी जात नाही.

शनिवार पेठेत आमच्या समोरच्याच दारात सर राहतात. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण जीव जडला तो इंग्रजीतल्या अगदी सुरुवातीच्या शब्दकोशांवर. कविता-कादंबऱ्या म्हणजे त्यांच्या मते कोशासाठी लागणारा कच्चा माल. जुन्या कोशांच्या झेरॉक्स काढून, बाइंडिंग करून त्यांनी कपाट भरलंय आणि उरलेले दिवाणाखाली सारलेत. त्यांच्याकडे साखर मागायला गेलेलं माणूस अर्ध्या तासानं परत येतं, कधीकधी साखरेशिवाय.

अशाच एका साखरेच्या फेरीत मला कळलं की पहिल्या इंग्रजी कोशांत फक्त अवघड शब्द असायचे. सोपे शब्द कोण कशाला शोधील? पुढे कोणीतरी सगळेच शब्द घ्यायचं मनावर घेतलं आणि गाडी घोड्या-मांजरापाशी अडली. घोडा म्हणजे काय, हे सांगायचं कसं? तर त्या पठ्ठ्यांनी लिहून टाकलं, सर्वांना ठाऊक असलेला प्राणी. सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते उचललंच. आमच्या ह्यांची चौकशी कोणी केली की सर सांगतात, "ते ना? सर्वांस सुपरिचित."

मग ते थोरल्या कोशावर येत. तो एका माणसानं केला होता. पुस्तकं वाचून तो वाक्यांवर खुणा करायचा, हाताखालचे लेखनिक ती उतरवून घ्यायचे, आणि लोकांनी शब्द कसा वापरलाय त्यावरून अर्थ ठरायचा. "पुढं कितीतरी वर्षं दोन इंग्रज शब्दावरून भांडले की त्याच कोशाकडे धावायचे," सर म्हणत. "आपल्याकडं साहेब आणि शास्त्री मराठीचा कोश करायला बसले, त्यांच्यासमोरही तोच कित्ता."

"त्या कोशवाल्याला जेवायला कोण घालत होतं, ते लिहिलंय का कुठं?" आतून मालतीताई विचारत. सरांच्या पत्नी.

"तो मुद्दा कोशाच्या कक्षेत येत नाही."

"मग तुमचं ताटही माझ्या कक्षेत येत नाही."

हे असं रोज चालायचं. मला तर मालतीताईंचा एखादा टोमणा कानावर पडल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही.

गेल्या संक्रांतीनंतर त्यांना मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, शब्द गेले. हॉस्पिटलच्या बाकावर सर माझ्याशेजारी बसले होते. एकदम म्हणाले, "वहिनी, तो थोरला कोश पुरा व्हायच्या आधीच त्या कोशवाल्याची बायको गेली. मी वर्गात हे कधी सांगितलं नाही." मी थर्मासमधला चहा ओतून त्यांच्या हातात दिला.

घरी आल्यावर मालतीताई पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "ते... ते..." डोळ्यांत ओळख असायची, नाव काही यायचं नाही. मग चिडून हात खाली टाकायच्या. त्या घरातली कुठलीच गोष्ट आता सुपरिचित राहिली नव्हती. मला ते बघवत नसे.

वाचोपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज एकेक वस्तू दाखवा, तिचं नाव सांगा, त्यांना म्हणू द्या. सरांनी हे काम कोशकाराच्या शिस्तीत हाती घेतलं. म्हणजे अकारविल्हे. अंगठी. अंजीर. अडकित्ता. घरात अडकित्ता नव्हता, तो आणायला स्वतः तुळशीबागेत गेले. "अडकित्ता म्हणजे सुपारी कातरण्याचे दोन पात्यांचे हत्यार." जन्मात सुपारी न खाल्लेल्या मालतीताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

शेवटी मी म्हटलंच, "सर, तुमचा 'प' यायला पावसाळा उजाडेल. तोवर त्यांनी पाणी मागायचं नाही का?"

सरांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजवून म्हणाले, "अकारविल्हे ही नंतरची सोय आहे. त्याच्या आधीचे लोक विषयवार जायचे. आधी शरीर, मग घर, मग भांडीकुंडी. तेव्हा चूक अशी झालेली नाही, परंपरेतच दोन मतं आहेत."

आणि भांडीकुंडी हा विषय धरून ओगले सर आपल्या स्वयंपाकघरात शिरले. तोवर त्या खोलीत ते फक्त जेवले होते. मी भाजीची वाटी द्यायला गेले तेव्हा मालतीताई ओट्याजवळ खुर्चीवर बसल्या होत्या आणि सर हातात झारा धरून सांगत होते, "हे उलथनं. उलथनं म्हणजे तळलेला पदार्थ तेलातून काढण्याचं भोकांचं साधन. म्हण, उलथनं."

मालतीताईंच्या कपाळाला आठी पडली.

"उलथनं," सर पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.

त्यांचे ओठ हलले. चेहरा लाल झाला. खुर्चीच्या हातावर थाप मारून त्या म्हणाल्या, "झारा."

सर तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "झारा म्हणाली?" मी मान हलवली. सरांनी तो झारा छातीशी धरला होता आणि सदऱ्याला तेलाचे डाग पडत होते.

तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात रोज सकाळी चुका होतात, आणि मला आमच्या घरात त्या स्पष्ट ऐकू येतात. सर किसणीला परात म्हणतात, पोळपाटाला पाट. सुरुवातीला मला वाटलं, माणूस खरंच इतका अडाणी असेल. सेक्रेटरींना तातडीचा हिशेब विचारणारा हाच का, असंही वाटलं.

परवा गेले तेव्हा सरांनी गाळणं वर धरलं. "ही पळी."

"अहो सर, रोज त्यातनंच चहा गाळता ना..." मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळलं.

मालतीताई अडखळत, पण एकेक शब्द नीट उचलत म्हणाल्या, "गाळणं ते. एवढं शिकलात... आणि घरात काही... बघितलं नाहीत."

अख्खं वाक्य होतं, टोमण्यासकट. सरांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी पाठ फिरवली आणि ओट्यावरचं काहीतरी उगाच सरकवलं.

"चुकलो," ते म्हणाले. मग सांडशी उचलून म्हणाले, "हा चिमटा."